घरी वाट बघायला कुणीच नाही

माझ्या मामेबहिणीचा साखरपुडा पुण्यात झाला. ती सिग्नल्समध्ये कॅप्टन, तो तोफखान्यात कॅप्टन. ओळख चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीतली. जेवताना मामाच्या एका मित्राने तिला विचारलं, "अगं, दोघंही फौजेत, मग घर कोण सांभाळणार?" प्रश्न फक्त तिला होता. शेजारी बसून जिलबी खाणाऱ्या होणाऱ्या नवऱ्याला कुणी काही विचारलं नाही. ती म्हणाली, "काका, आधी एका गावात घर तर मिळू दे, मग सांभाळायचं बघू." सगळे हसले. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही भावंडांनी नेटफ्लिक्सवर 'फायटर' लावला. हृतिक रोशन आणि दीपिका पदुकोण, दोघंही हवाई दलात स्क्वाड्रन लीडर. म्हटलं, हा हिचाच सिनेमा. तिने तो शांतपणे शेवटपर्यंत पाहिला आणि एवढंच म्हणाली, "विमानांची स्टंटबाजी एक वेळ चालेल. पण आमची रजा एकाच वेळी मंजूर कशी करून घ्यायची, हे एकाही सिनेमात दाखवलेलं नाही."

तेव्हा ती चेष्टा वाटली. नंतर मी जुने-नवे युद्धपट पुन्हा पाहत गेलो आणि लक्षात आलं की ही पुरेपूर समीक्षा आहे. आपल्या युद्धपटाला सैनिकाचं लग्न फार आवडतं. मात्र दोघंही सैनिक असले की त्या लग्नाचं काय करायचं, हे त्याला कळत नाही. हा लेख त्या न कळण्याबद्दल आहे. पुढे आपण कोर्टातही जाणार आहोत, कारण हे न कळणं फक्त सिनेमावाल्यांचं नाही.

उंबरठा हवाच

आपल्या युद्धपटाची रचना साधी असते. एक सीमा, एक घर, आणि दोन्हींच्या मध्ये पत्र. सीमेवर पुरुष, घरी बाई. पत्र तिकडून इकडे येतं, इकडून तिकडे जातं आणि एक दिवस येईनासं होतं.

जे. पी. दत्तांचा 'बॉर्डर' (१९९७) हे याचं सगळ्यात यशस्वी उदाहरण. लोंगेवालाची लढाई १९७१ ची, पण सिनेमाचा निम्मा जीव मागे राहिलेल्या घरांत आहे. सुनील शेट्टीच्या भैरोंसिंगला लग्नाच्या रात्रीच बोलावणं येतं. अक्षय खन्नाच्या धर्मवीरची वाग्दत्त वधू गावी आहे. सनी देओलच्या मेजर कुलदीपसिंगची बायको (तब्बू) त्याने बदली मागावी म्हणून भांडते, आणि सिनेमा तिला चूक ठरवतो. या बायका कथेत किती वेळ दिसतात ते मोजू नका. त्या नसतील तर लढाई नुसता दारूगोळा उरेल. सैनिक मरतो तेव्हा आपल्याला त्याचा चेहरा आठवत नाही, दारात उभी असलेली ती आठवते.

'शेरशाह'मधली डिंपल हीच जागा भरते. मराठीत 'झी मराठी'वरच्या 'लागिरं झालं जी'ने (२०१७-१९) हाच साचा साताऱ्याच्या मातीत बसवला. अज्याचं स्वप्न फौज, आणि शीतलीच्या वाट्याला त्या स्वप्नाशी जुळवून घेणं. मालिका गाजली, कारण ती खोटी नव्हती. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाच्या नावाला 'मिलिटरी' हा शब्द जोडलेला आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण गेले. अशा गावांत पिढ्यान् पिढ्या बायकांनी खरोखरच वाट पाहिली आहे. 'अमरन'ने (२०२४) तर वाट बघणारीलाच निवेदक केलं. साई पल्लवीच्या डोळ्यांतून तो सगळा संसार दिसतो, आणि वाट बघणं हेही श्रमाचं काम आहे हे हा सिनेमा इतरांपेक्षा जास्त प्रामाणिकपणे दाखवतो.

म्हणजे वाट बघणाऱ्या बाईशी माझं भांडण नाही. 'बॉर्डर'मध्ये पत्रं येतात तेव्हा मीही दर वेळी रडतो. सैन्यात अजून बायका थोड्या आहेत, त्यामुळे बहुतेक सैनिकांच्या घरी हेच चित्र असणार, हेही खरं. माझा प्रश्न पुढचा आहे. सिनेमा स्वतःहून दोघांनाही युद्धात आणतो, तेव्हा त्यांचं काय करतो?

आणली, आणि मग?

पहिलं उत्तर जुनं आहे. चेतन आनंदांचा 'हकीकत' (१९६४) हा १९६२ च्या पराभवानंतर दोनच वर्षांनी आलेला सिनेमा. कॅप्टन बहादूरसिंग (धर्मेंद्र) आणि लडाखी मुलगी अंगमो (प्रिया राजवंश) यांचं प्रेम त्यात आहे. मागे हटणाऱ्या तुकडीला वेळ मिळावा म्हणून दोघं शत्रूला थोपवून धरतात आणि एकत्र मरतात. अंगमोला गणवेश नाही, पगार नाही, हुद्दा नाही. तरी आपल्या मुख्य प्रवाहातल्या युद्धपटात प्रेमी जोडपं आघाडीवर खांद्याला खांदा लावून उभं राहिल्याचं एवढं जुनं दुसरं चित्र मला आठवत नाही. पण त्या दोघांना बरोबरी मिळते ती मरणात. संसाराचा प्रश्नच सिनेमा येऊ देत नाही.

दुसरं उत्तर 'गुंजन सक्सेना' (२०२०) देतो: प्रेमकथाच काढून टाका. दिग्दर्शक शरण शर्मा मुलीच्या उड्डाणाची गोष्ट बाप-लेकीच्या नात्यावर उभी करतात. पंकज त्रिपाठींचा बाप हा त्या सिनेमाचा खरा नायक. पहिल्यांदा पाहताना मला यात सुटका वाटली होती. एका मुलीची गोष्ट आहे आणि तिला कुणाच्या प्रेमात पडावं लागत नाही, हे आपल्याकडे कमी नाही. आता मात्र एक गोष्ट खुपते. खऱ्या गुंजन सक्सेना यांचे पती हवाई दलातलेच वैमानिक. म्हणजे दोन वैमानिकांचा संसार हाताशी असलेलं एक चरित्र निर्मात्यांपुढे होतं. कारगिलच्या गोष्टीत तो बसत नव्हता, हे मान्य. पण कारगिलच्या पुरुषांच्या गोष्टींत त्यांच्या बायका, प्रेयसी दर वेळी बसतात! पुरुष सैनिकाचं प्रेम त्याचं शौर्य उंचावतं, आणि बाई सैनिकाचं प्रेम तिच्या शौर्याला पातळ करील अशी भीती वाटते. म्हणून तिला एकटीच उडू द्यायचं.

तिसरं उत्तर 'फायटर'चं (२०२४), आणि ते सगळ्यात गमतीचं आहे, कारण इथे दोघं प्रत्यक्ष एकाच तळावर आहेत. मिनी हेलिकॉप्टर उडवते, पॅटी लढाऊ विमान. सिद्धार्थ आनंद यांच्या सिनेमात दोघांना सारखा गॉगल, सारखा जंपसूट, सारखा स्लो मोशन. वरवर पाहता बरोबरी पक्की. आता आत पाहा.

पॅटीचं आधीचं प्रेम म्हणजे नैना. तीही हवाई दलातली, त्याच्या वरिष्ठाची बहीण. सिनेमा सुरू होण्याआधीच ती मेलेली आहे. तिच्या मरणाचं ओझं हा पॅटीच्या व्यक्तिरेखेचा कणा. ती कशी वैमानिक होती, तिला काय हवं होतं, हे आपल्याला जवळपास कळत नाही, त्याला किती दुःख झालं ते कळतं. म्हणजे गणवेशातली पहिली जोडीदार येते ती फोटोफ्रेममधून. दुसरी जोडीदार मिनी जिवंत आहे. तिचं दुखणं असं की तिच्या हवाई दलात जाण्यामुळे बापाने तिच्याशी संबंध तोडलेत. हे दुखणं सोडवतं कोण? पॅटी. तो तिच्या घरी जातो, आईवडिलांना तिचं मोठेपण ऐकवतो आणि बाप विरघळतो. युद्धात हेलिकॉप्टर घेऊन जाणाऱ्या बाईला स्वतःच्या दिवाणखान्यात मात्र प्रवक्ता लागतो, आणि प्रवक्ता तिच्याच हुद्द्याचा पुरुष.

सिनेमा संपतो तिथे त्यांचा संसार सुरू व्हायचा असतो. मामेबहिणीच्या रजेच्या प्रश्नाला पटकथेत जागा नसते ती यामुळेच.

या सिनेमावर आलेला एक आक्षेपही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. नायक-नायिकेने गणवेशात चुंबन घेतल्याबद्दल हवाई दलातल्या एका अधिकाऱ्याने निर्मात्यांना कायदेशीर नोटीस पाठवल्याच्या बातम्या फेब्रुवारी २०२४ मध्ये आल्या. गणवेशाचा मान राखावा, हे म्हणणं मला समजतं. पण गणवेशात नाचलेलं, गणवेशात शत्रूला शिव्या दिलेल्या, गणवेशात मेलेलं आपण टाळ्या वाजवून पाहतो. गणवेशात प्रेम केलेलं मात्र डोळ्यांत येतं. त्यातही दोन्ही बाजूंना गणवेश असेल तर जास्तच. एका बाजूला साडी असती तर ते 'निरोपाचं दृश्य' ठरलं असतं.

हीच पटकथा सरकारी कागदावर

त्याच फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात एका जुन्या प्रकरणाचा निकाल लागला. सेलिना जॉन या लष्करी परिचर्या सेवेत, म्हणजे मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट होत्या. त्यांनी लष्करातल्याच एका अधिकाऱ्याशी लग्न केलं आणि १९८८ मध्ये त्यांना सेवेतून काढलं गेलं. आधार होता १९७७ ची एक लष्करी सूचना. परिचर्या सेवेतल्या बाईने लग्न केलं तर तिची नोकरी संपवता येईल, असं त्यात होतं. लग्न दोघांचं झालं, नोकरी एकीची गेली. ती सूचना १९९५ मध्ये मागे घेतली गेली. सशस्त्र दल न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला, त्यावर सरकार अपिलात गेलं. अखेर सर्वोच्च न्यायालयाने हा नियम उघड मनमानीचा आणि लिंगभेदाचा ठरवून ६० लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. मधे ३६ वर्षं गेली.

मी हा निकाल वाचला तेव्हा मला 'बॉर्डर' आठवला, आणि ते विचित्र वाटलं. मग कारण कळलं. त्या सूचनेमागेही एक पटकथा होती: लग्न झालं की बाई उंबरठ्याच्या आत जाते, तिथून ती वाट बघते. नवरा सैनिक असेल तर उत्तमच, वाट बघायला सबळ कारण मिळालं. ती स्वतः सैनिक असणं या पटकथेत बसत नव्हतं, म्हणून कागदाने तिला घरी पाठवलं.

हे १९७७ चं झालं असं म्हणाल, तर २०२० कडे या. बबिता पुनिया प्रकरणात, महिला अधिकाऱ्यांना कायमस्वरूपी कमिशन द्यावं की नाही यावर सरकारने लेखी म्हणणं मांडलं. गरोदरपण, मातृत्व, मुलं आणि घरच्या जबाबदाऱ्या यांमुळे महिलांना सेवेतल्या अडचणींना तोंड देणं जास्त अवघड जातं, आणि नवरा-बायको दोघंही सैन्यात असतील तर विशेषच, असा त्यातल्या एका मुद्द्याचा आशय होता. हे पुन्हा वाचा. दोघंही सैन्यात असण्याची अडचण दोघांची असायला हवी. सरकारी युक्तिवादात ती एकटीची झाली. १७ फेब्रुवारी २०२० च्या निकालात न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. घरच्या जबाबदाऱ्या फक्त बाईच्याच असतात हे गृहीतकच साचेबद्ध आहे, असं सांगितलं.

साखरपुड्यातले ते काका कुठल्या कोर्टात गेले नव्हते. पण त्यांचा प्रश्न आणि सरकारचं लेखी म्हणणं यांत एका शब्दाचाही फरक करायला नको.

भाषेतही हे मुरलेलं आहे. लष्करात विवाहबाह्य संबंधांच्या प्रकरणांत एक इंग्रजी शब्दयोजना वर्षानुवर्षं वापरली जाते. तिचा मराठी अर्थ होतो, 'बंधू-अधिकाऱ्याच्या पत्नीचं प्रेम चोरणं'. अधिकारी भाऊ असतो, त्याची पत्नी असते, तिचं प्रेम ही चोरता येणारी वस्तू असते. पत्नीच अधिकारी असली तर? मग तीही 'बंधू'च झाली, आणि वाक्य कोसळलं. सैनिकांच्या कुटुंबांसाठी काम करणाऱ्या संस्थेचं नाव 'आर्मी वाइव्ह्ज वेल्फेअर असोसिएशन' आहे. ती १९६६ पासून मोठं काम करते आहे, आणि लष्करप्रमुखांची पत्नी तिची अध्यक्ष होते हा रिवाज आहे. उद्या लष्करप्रमुख बाई असेल तर त्या खुर्चीत कोण बसेल, या प्रश्नावर माझी बहीण पोट धरून हसते. तिच्या छावणीत 'लेडीज मीट'चं आमंत्रण येतं तेव्हा तिला दर वेळी ठरवावं लागतं की आज आपण 'लेडी' आहोत की 'ऑफिसर'.

आपल्याला चालणारी जोडी

दोघांच्याही अंगावर गणवेश, असं एक चित्र मात्र आपला समाज मनापासून स्वीकारतो. साताऱ्याच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात हुतात्मा झाले. दोन मुलांची आई असलेल्या स्वाती महाडिक यांनी वयाच्या अटीत सवलत मिळवून प्रशिक्षण पुरं केलं आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या. त्यांच्या जिद्दीबद्दल लिहायला माझे शब्द अपुरे आहेत, आणि त्या निर्णयाला कुणाच्या समीक्षेची गरज नाही. समीक्षेची गरज आपल्या बातम्यांना आणि व्हॉट्सॅपवरच्या पोस्टींना आहे. तिथे गोष्ट नेहमी एकाच वाक्यात सांगितली जाते: पतीचं अपुरं स्वप्न पत्नी पुरं करते. तिच्या अंगावरचा गणवेश तिचा होत नाही, त्याचा राहतो. एकाने उतरवल्यावर दुसऱ्याने घालायचा, अशी ही जोडी आपल्याला चालते. दोघांनी एकाच वेळी घातलेला गणवेश गैरसोयीचा होतो, कारण मग ओवाळायला कुणीतरी मोकळं उरत नाही.

याउलट लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर आणि लेफ्टनंट जनरल राजीव कानिटकर यांच्याकडे पाहा. पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या माधुरीताई २०२० मध्ये या हुद्द्यावर पोचल्या, आणि या हुद्द्यापर्यंत गेलेलं हे देशातलं पहिलं जोडपं ठरलं. पुढे त्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. दोन पूर्ण कारकिर्दी, असंख्य बदल्या, एक संसार. मराठी वाचकाच्या इतक्या जवळची ही गोष्ट. तिच्यावर एखादी मराठी मालिका निघाल्याचं माझ्या ऐकिवात नाही, कारण तिच्यात कुणी मरत नाही.

न लिहिलेली दृश्यं

खरं तर नाट्य कमी आहे म्हणून हे विषय टाळले जातात असं कुणी म्हणू नये. लष्करी अधिकाऱ्याला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक रजा आणि २० दिवसांची किरकोळ रजा असते. कागदावर. आता दोन युनिट, दोन कमांडिंग ऑफिसर, दोन वेगळी सराव-वेळापत्रकं, आणि यांतून एक सामाईक आठवडा काढायचा. जोडप्यांना शक्यतो एका ठिकाणी नेमायचा प्रयत्न होतो, पण सेवेची गरज आधी. एकाला शांत ठाणं मिळतं तेव्हा दुसऱ्याला फिल्ड. दोघांच्या काळ्या लोखंडी पेट्यांवर पांढऱ्या रंगात दोन वेगळी नावं, दोन वेगळे हुद्दे. ती आधी मेजर झाली तर मेसमध्ये त्याला चिडवणारे मित्र. मूल झालं तर ते आजीकडे, आणि व्हिडिओ कॉलला नेटवर्क दोन्ही टोकांना नाही.

आणि जे कुणाला लिहायला नको वाटतं ते दृश्य. युद्धपटात वाईट बातमी दारात येते. बाई दार उघडते, दोन अधिकारी टोपी काढतात, कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर जातो. या जोडप्यात ती बातमी दारात येणार नाही, कारण दाराला कुलूप आहे. ती कुठल्यातरी चौकीवर येईल. ती बाई तेव्हा तिच्या हाताखालच्या जवानांसमोर उभी असेल. किंवा उलट, तो पुरुष उभा असेल. रडायचं कधी, कुणासमोर, आणि त्या दिवशीची ड्युटी कोण करणार? हे दृश्य लिहिणारा लेखक मला हवा आहे. ते लिहायला 'बॉर्डर'चा उंबरठा सोडावा लागेल, आणि त्याबरोबर आपली रडायची ठरलेली जागाही.

प्रेक्षक तयार होतो आहे. खडकवासल्याच्या एनडीएतून ३० मे २०२५ रोजी पहिल्यांदाच १७ मुली दीक्षान्त संचलन करून बाहेर पडल्या. त्यांच्याबरोबर तीनशेवर मुलगे होते. यांतली काही एकमेकांशी लग्न करतील, हे सांगायला ज्योतिषी नको. हवाई दलात अग्निवीर म्हणून जाणाऱ्या मुलामुलींना चार वर्षं लग्न न करण्याचं लेखी द्यावं लागतं. त्या नियमावर वाद घालता येईल, पण निदान तो दोघांना सारखा आहे. १९७७ पासून आपण एवढं तरी पुढे आलोय. सिनेमा आणि मालिकांनीही एवढं तरी यावं.

बहिणीचं लग्न झालं. दोघांना मिळून अकरा दिवस मिळाले, त्यातले दोन प्रवासात गेले. पुण्यात त्यांनी भाड्याने एक छोटा फ्लॅट घेतलाय, पेट्या ठेवायला आणि जमलं तर रजेत भेटायला. किल्ली मामीकडे आहे. ते काका परवा भेटले, तेव्हा मी त्यांना म्हटलं, "घर सांभाळायचं काम सध्या मामी करतायत. दर रविवारी जाऊन खिडक्या उघडतात." ते म्हणाले, "आणि नवऱ्याची आई?" मी म्हटलं, "त्या दुसऱ्या रविवारी जातात." यावर ते जरा विचारात पडले. मग म्हणाले, "हे बरं आहे की." आणि त्यांनी मला विचारलं, रजा दोघांची एकदमच मंजूर झाली होती का, ती कशी जमवली?

प्रश्न बरोबर होता. मी त्यांना बहिणीचा नंबर दिला.